फायरवॉल वेगळ्या डब्यात, की जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात?

प्रश्न : आम्ही अकोल्यात राहतो. घरात पाच माणसं. नवरा घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करतो, महिन्यातला एक आठवडा मात्र त्याला पुण्याला जावं लागतं. मी दिवसभर सी.ए.च्या ऑफिसात असते. मुलं शाळेत, घरी सासूबाई. कॉम्प्युटरचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे आणि मला त्याची आवडही आहे. नेट गल्लीतल्या केबलवाल्याचं, २०० एमबीपीएस. दिवाळीत चार कॅमेरे आणि डीव्हीआर बसवला. बसवणाऱ्याने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवला होता, हे मला तीन महिन्यांनी कळलं. लगेच बदलला, पण तेव्हापासून मनाला चैन नाही. फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्या रहदारीवर पहारा देणारी यंत्रणा, बसवायचं नक्की केलंय. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, पडून असलेला चौथ्या पिढीचा आय५ डेस्कटॉप काढू, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका कॉम्प्युटरमध्ये अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकू, आत ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर व्हर्च्युअल चालवू, शिवाय घरचे फोटो आणि घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंटही त्यातच बसेल. नवऱ्याचे मित्र म्हणतात, फायरवॉल कधीच व्हर्च्युअल करू नये, ते असुरक्षित असतं, चार पोर्टचा एन१०० डबा, म्हणजे एन१०० प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर, घ्या. त्याचे १८,००० रुपये सांगितलेत. कोणाचं ऐकू?

उत्तर :

ताई, पासवर्ड बदललात तिथेच अर्धं काम झालं. आणि तुमची काळजी अजिबात अनाठायी नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने अशाच कॅमेऱ्यांचा आणि डीव्हीआरचा ताबा घेतला होता. त्याने कुठलंही अवघड कुलूप फोडलं नाही. कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डांची एक यादी त्याच्याकडे होती, ती तो एकेका यंत्रावर लावून बघत गेला. त्या ऑक्टोबरमध्ये अशा यंत्रांच्या फौजेने डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता, कारण पडद्यावर चित्र नेहमीसारखं दिसत होतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फायरवॉल वेगळ्या यंत्रावर ठेवा. भाच्याचं प्रॉक्समॉक्स जुन्या डेस्कटॉपवर जरूर चालू द्या, पण घराचं नेट त्यावर टांगू नका. मात्र मित्रमंडळी जे कारण देतात, ते मला पटत नाही.

व्हर्च्युअल फायरवॉल मुळातच असुरक्षित असती, तर मोठमोठ्या डेटा सेंटरांत ती कोणी चालवली नसती. तिथे ती सर्रास चालते. व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएमच्या) भिंती फोडून होस्टमध्ये, म्हणजे ते चालवणाऱ्या मूळ यंत्रात, शिरता येणं ही कल्पनेतली गोष्ट नाही, हेही खरं. २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी सापडली होती. क्यूईएमयूमध्ये, म्हणजे प्रॉक्समॉक्सही ज्यावर उभा आहे त्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग वठवणारा जुना कोड शिल्लक होता, त्यातून वाट निघाली. ती दुरुस्त झाली. अशा त्रुटी पुढेही निघतील आणि दुरुस्त होतील. तुमच्या घरावर कोणी एवढी मेहनत घेईल असं मला वाटत नाही. मला भीती वाटते ती साध्या चुकीची. प्रॉक्समॉक्समध्ये बाहेरच्या वायरीसाठी जो ब्रिज, म्हणजे वायर आणि व्हीएम जोडणारा सॉफ्टवेअरमधला पूल, तयार करतात, त्याला चुकून होस्टचा आयपी पत्ता दिला गेला, तर प्रॉक्समॉक्सचं कंट्रोल पॅनल ८००६ या पोर्टवर थेट बाहेरच्या बाजूला उघडं पडतं. फायरवॉल आत बसून पहारा देत राहते आणि तिच्या मालकाच्या घराचं दार मागून उघडं. वेगळ्या डब्यात ही चूक करायला जागाच नसते.

पण माझं खरं कारण याहून घरगुती आहे. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की दिवसा तुम्ही ऑफिसात असता, महिन्यातला एक आठवडा नवरा पुण्याला असतो आणि घरी सासूबाई एकट्या असतात. सकाळी अकराला नेट गेलं तर ते परत कोण आणणार? हा प्रश्न प्रोसेसरच्या आधी सोडवायला हवा.

मी तीन वर्षं फायरवॉल व्हर्च्युअल चालवली. अगदी तुमच्या भाच्याच्या आराखड्याप्रमाणे, जुन्या डेस्कटॉपवर, इतर पाच-सहा व्हीएमच्या शेजारी. तीन वर्षांत मला तिचा काडीचा त्रास झाला नाही, कारण मी घरात होतो. मग एकदा लग्नासाठी आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. घरी माझे वडील होते, वय ७४. दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर संपेपर्यंत आली नाही. संध्याकाळी लाइट आली, केबलवाल्याचा डबा चालू झाला, वायफायचा दिवा लागला, पण डेस्कटॉप बंदच राहिला. लाइट परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं की नाही, हे बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, ठरवावं लागतं आणि बहुतेक डेस्कटॉपवर ते मुळात बंद असतं. मी ते कधी बघितलंच नव्हतं. फोनवरून सांगून वडिलांकडून बटण दाबून घेतलं. होस्ट चालू झाला, तरी नेट नाही. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला 'बूटसोबत सुरू कर' असा एक चौकोन असतो आणि तोही आपण टिचकी मारेपर्यंत रिकामा असतो. महिनाभरापूर्वी मी फायरवॉलचा व्हीएम नव्याने केला होता आणि तो चौकोन राहून गेला होता. मॉनिटर जोडलेला नव्हता. वडिलांची त्या संध्याकाळी डॉक्टरांशी व्हिडिओवर भेट ठरलेली होती, ती हुकली. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण रात्री उशिरा परत येऊन तो चौकोन भरताना मला फार वाईट वाटलं, ते आजही विसरलेलो नाही.

मी नेटवर्क शिकत होतो आणि त्या शिकण्याचं ओझं घरातल्या सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसावर टाकलं होतं. वेगळ्या डब्यातही बिघाड होतो, पण तिथे साखळी आखूड असते : वीज, डबा, नेट. व्हर्च्युअलमध्ये वीज, बायोस, होस्ट, होस्टची डिस्क, ब्रिज, व्हीएम आणि मग फायरवॉल. प्रत्येक कडी मजबूत असेल, पण नेट येण्यासाठी सगळ्या एकाच वेळी जागेवर असाव्या लागतात. शिवाय होस्टवर भाचा नवीन काही करून बघणार, ते त्याचं वयच आहे. त्याने एखादं कार्ड बसवलं की लिनक्समधली नेटवर्क पोर्टांची नावं एका आकड्याने सरकू शकतात आणि ब्रिज जुन्याच नावाची वाट बघत बसतो. हे घडतं तेव्हा दुरुस्तीचा उपाय शोधायलाही घरात नेट नसतं.

भाच्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्याचं म्हणणं पोकळ नाही. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घ्यायचा, बिघडलं तर मिनिटभरात मागे यायचं, हे सुख व्हर्च्युअलमध्ये फार मोठं आहे. ओपीएनसेन्स झेडएफएस या फाइल सिस्टिमवर बसवलं तर वेगळ्या डब्यातही स्नॅपशॉट मिळतो, तरी व्हीएमची अख्खी नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेऊन चालू करणं त्याहून सोपं आहे. दुसरा मुद्दा नेटवर्क कार्डाचा. ओपीएनसेन्स आणि त्याच्यासारखंच पीएफसेन्स दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभे आहेत आणि फ्रीबीएसडीचं रिअलटेकच्या कार्डांशी फारसं जमत नाही. लिनक्सचं जमतं आणि प्रॉक्समॉक्स लिनक्सवर चालतं. म्हणजे कोणाकडे रिअलटेक पोर्टांचा डबा आधीच घेतलेला असेल, तर त्यावर प्रॉक्समॉक्स टाकून आत एकटी फायरवॉल व्हर्च्युअल चालवणं हा सुज्ञ मार्ग ठरतो. माझा आक्षेप व्हर्च्युअल असण्याला नाही. सगळ्या घराचा पसारा एकाच यंत्रात कोंबून फायरवॉल त्याच्या तळाशी ठेवण्याला आहे.

आता पैशांचा हिशेब करू, तुम्ही सी.ए.च्या ऑफिसातल्या, तेव्हा कच्चा हिशेब चालणार नाही. जुना आय५ डेस्कटॉप काम नसतानाही अंदाजे ४५ वॉट ओढतो असं धरू. वर्षभर रात्रंदिवस चालला तर ३९४ युनिट होतात. एन१०० डबा १० वॉट धरला तर ८८ युनिट. महावितरणच्या बिलात युनिट वाढत गेले की दरही वाढत जातो, त्यामुळे सरासरी दर न धरता तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा. गणित सोपं व्हावं म्हणून मी १० रुपये धरतो. फरक वर्षाला ३,०६० रुपये. म्हणजे १८,००० रुपये विजेच्या बचतीतून सुटायला जवळजवळ सहा वर्षं लागतील. आणि भाचा फोटोंसाठी डेस्कटॉप चालूच ठेवणार असेल तर बचत मुळीच नाही, उलट ८८ युनिट वर. तेव्हा 'वीज वाचते म्हणून डबा घ्या' असं कोणी सांगितलं तर ते तुमच्या बाबतीत खरं नाही. डबा घ्यायचा तो नेट चालू राहावं म्हणून. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळालं तर डेस्कटॉपला एक दिवस लावून खरा आकडा बघा, माझ्या ४५ वर विसंबू नका.

१८,००० हा आकडा टोचत असेल, तर मध्ये एक स्वस्त पायरी आहे. २०० एमबीपीएसला एन१०० ची गरजच नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर बसवायचं मोफत सॉफ्टवेअर) चालेल असा एखादा राउटर घ्या. मात्र विकत घेण्याआधी त्यांच्या यादीत मॉडेलचं नाव आणि हार्डवेअरची आवृत्ती दोन्ही जुळतात का ते तपासा, कारण एकाच नावाखाली आतला माल बदललेला असतो. कॅमेरे वेगळे काढणं, पाहुण्यांचं वेगळं वायफाय, वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट), एवढं सगळं त्यात होतं. शिवाय त्यातलं एसक्यूएम, म्हणजे रहदारी नीट वाटून देणारी सोय, लावलं, की एकाने मोठी फाइल चढवायला घेतली तरी दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल तुटत नाही. घरून काम करणाऱ्या माणसाला या एका गोष्टीचा उपयोग बाकी सगळ्या सुरक्षेइतकाच जाणवेल. तरी तुम्हाला या विषयाची आवड आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि ओपीएनसेन्सचे पडदे शिकायला फार चांगले आहेत. काय अडवलं, का अडवलं, हे तिथे नीट दिसतं. म्हणून परवडत असेल तर डबाच घ्या असं मी म्हणेन.

डबा घेताना पोर्टांची चिप विचारा. इंटेलची आय२२६-व्ही असेल तर उत्तम. तिच्या आधीच्या आय२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता, जोडणी मध्येच तुटायची, तेव्हा जुना साठा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. एन१०० हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला, चार कोअरचा, इंटेलच्या कागदावर ६ वॉटचा. पण पूर्ण डबा कामाला लागला की याच्या बराच वर जातो. म्हणून १२ व्होल्टच्या छोट्या राउटर-यूपीएसवर तो चालवायचा विचार असेल, तर डब्यासोबत आलेल्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते आधी बघा. २ अँपिअरचा यूपीएस राउटरला पुरतो, या डब्याला बूट होताना कमी पडू शकतो. रॅम ८ जीबी खूप झाली. डिस्क आणि रॅम डब्यासोबत बिननावाची येत असेल, तर रिकामा डबा घेऊन या दोन वस्तू नावाजलेल्या कंपनीच्या वेगळ्या घ्या. आधीच काही सॉफ्टवेअर बसवून आलं असेल तर ते पुसून, ओपीएनसेन्सच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवून, तिचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पटवणारा आकडा) जुळवून, स्वतः बसवा. दाराचं कुलूप नवीन घेतल्यावर दुकानदाराने स्वतःकडे किल्ली ठेवली नाही ना, एवढी खात्री आपण करतोच. बसवताना फाइल सिस्टिम झेडएफएस निवडा. लाइट अचानक जाणाऱ्या घरात जुनी यूएफएस डिस्क बिघडून बसते, झेडएफएस हे धक्के पुष्कळ चांगले सोसते. आणि वापरात आणण्यापूर्वी एक रात्र मेमरी तपासणी चालवा.

उन्हाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुम्ही अकोल्यात आहात. हे डबे बहुतेक बिनपंख्याचे असतात. वरचं पन्हळी ॲल्युमिनियम हाच त्यांचा पंखा. ते बनवणाऱ्याने खोलीचं तापमान पंचवीस-तीस धरलेलं असतं. मे महिन्यात तुमच्याकडे बाहेर ४५ अंश असताना टीव्हीच्या बंद कपाटात हा डबा ठेवलात, तर हात लावता येणार नाही इतका तापेल आणि तापला की आधी डिस्क त्रास देते. डबा उघड्यावर, जमिनीपासून वर, पन्हळी उभ्या येतील अशा बेताने भिंतीला लावा, म्हणजे गरम हवा त्यांच्यातून वर निघून जाते. उन्हाळ्यापुरता १२० मिलिमीटरचा एक यूएसबी पंखा संथ वेगाने खालून सोडला तरी तापमानात मोठा फरक पडतो. ओपीएनसेन्सच्या पहिल्याच पडद्यावर तापमान दिसेल असं लावता येतं. एप्रिल-मे मध्ये ते बघायची सवय ठेवा.

या डब्याला वायफाय नसतं, किंवा असलं तरी फ्रीबीएसडीवर ते धड चालत नाही. हा खर्च लोक विसरतात. केबलवाल्याच्या राउटरशिवाय तुमच्याकडे आधीचा दुसरा राउटर असेल तर त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, डब्यातून आलेली वायर त्याच्या लॅन, म्हणजे घराच्या बाजूच्या, पोर्टमध्ये घाला, वॅनमध्ये, म्हणजे नेटच्या बाजूच्या पोर्टमध्ये, नको, म्हणजे तो नुसता वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट होतो. सुरुवातीला एवढं पुरे.

भाच्याला नाराज करू नका. उलट त्याला पहिलं काम द्या. डबा येईपर्यंत जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकून त्यात ओपीएनसेन्सचा व्हीएम चालवा, पण घराच्या नेटच्या मागे, एका जुन्या लॅपटॉपपुरता. तिथे नियम लिहून बघा, मोडा, पुन्हा लिहा. सासूबाईंच्या मालिकेला धक्का न लागता महिनाभरात तुमचा हात बसेल. व्हर्च्युअल कार्ड वापरताना ओपीएनसेन्समधला हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद ठेवा, नाहीतर पिंग जातं, पण साइट उघडत नाहीत, आणि माणूस नियमांत चूक शोधत रात्र घालवतो. मग डबा आला की व्हीएममधून सेटिंगची फाइल काढून डब्यात घाला. तिच्यात पोर्टांची नावं तेवढी बदलावी लागतात : व्हीएममध्ये ती व्हीटीनेट० अशी असतात, इंटेलच्या या चिपवर आयजीसी०. तो व्हीएम नंतर पुसू नका, बंद करून ठेवा. डबा एखाद्या उन्हाळ्यात गेलाच, तर दुरुस्त होईपर्यंत तोच तुमची अडचण भागवेल. त्यासाठी डेस्कटॉपमध्ये दोन पोर्टचं इंटेल कार्ड लागेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन जुनी सर्व्हर कार्डं मिळतात, पण आय३५० च्या नावाने नकली माल खूप फिरतो, तेव्हा परत घेण्याची हमी असेल तिथूनच घ्या. कार्ड थेट व्हीएमच्या ताब्यात द्यायचं असेल तर प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनाही त्यासाठीचं व्हीटी-डी हे तंत्र यावं लागतं. चौथ्या पिढीतल्या आय५-४६७०के सारख्या काही चिप्सना ते नव्हतं. नसलं तर ब्रिजवर चालवा, २०० एमबीपीएसला काही फरक पडणार नाही.

आता कॅमेरे, ज्यांच्यापायी हे सगळं सुरू झालं. डब्याला चार पोर्ट आहेत, त्यातला एक फक्त डीव्हीआरला द्या. त्या पोर्टवरच्या यंत्राने ना नेटवर जायचं, ना घरातल्या दुसऱ्या यंत्राकडे, असा नियम लिहा. घरातल्या फोनवरून डीव्हीआर बघता येईल, डीव्हीआरला मात्र स्वतःहून कुणाशी बोलता येणार नाही. वेगळा पोर्ट असल्यामुळे महागडा स्विच आणि व्हीलॅन (एकाच वायरीवर वेगवेगळी नेटवर्कं) यांची तुम्हाला आज गरज नाही. तोटा एक : कॅमेरा कंपनीचं मोबाइल ॲप बाहेरून चालणार नाही. ऑफिसातून घर बघायचं असेल तर वायरगार्ड लावा. राउटरवर पोर्ट उघडून डीव्हीआर बाहेर दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका.

वायरगार्डसाठी तुम्हाला बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागतो आणि इथे केबलवाला येतो. केबलवाल्याच्या राउटरमध्ये वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे आणि बाहेरून तुमच्यापर्यंत सरळ येता येत नाही. मग जादा पैसे देऊन स्वतंत्र आयपी घ्यावा लागेल, किंवा तो आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) देत असेल तर त्यावरून वायरगार्ड चालवता येईल, किंवा मध्यस्थ होऊन दोन्ही टोकं जोडून देणारी टेलस्केलसारखी सेवा वापरावी लागेल. आयपीव्ही६ मिळत असेल तर एक ध्यानात असू द्या. त्यात घरातल्या प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा पत्ता मिळतो. नॅटच्या, म्हणजे एकाच पत्त्यामागे सगळी यंत्रं ठेवण्याच्या, आडोशाने आपण झाकलेले असतो ही जुनी समजूत तिथे लागू नाही, झाकणारी फक्त फायरवॉल. ओपीएनसेन्स बाहेरून येणारं सगळं मुळातच अडवतं, ते तसंच राहू द्या.

सुरिकाटासारखी घुसखोरी ओळखणारी यंत्रणा लावायचा मोह होईल. पहिलं वर्षभर लावू नका. घरातली जवळपास सगळी रहदारी आता कूटबद्ध असते, त्यामुळे तिला आतलं फार दिसत नाही. खोट्या घंटा मात्र खूप वाजतात.

अजून एक काम आहे आणि ते मला डब्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. केबलवाल्याचा मूळ राउटर माळ्यावर टाकू नका. तो सेटिंगसकट नव्या डब्याच्या शेजारी ठेवा (पुढे नव्या डब्याला काळा आणि या राउटरला पांढरा डबा म्हणतो). एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : 'नेट बंद पडलं तर. १. काळ्या डब्याचं बटण बंद करून एक मिनिट थांबा, चालू करा, पाच मिनिटं वाट बघा. २. तरी नाही आलं तर लाल खूण केलेली वायर काळ्या डब्यातून काढून पांढऱ्या डब्यातल्या लाल खुणेच्या भोकात घाला आणि पांढऱ्याचं बटण दाबा.' पांढऱ्याच्या वायफायला घरातल्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे फोनवर काही बदलावं लागणार नाही. एवढ्यासाठी कॅमेरे तासभर बंद राहिले तरी चालेल, त्यांची वायर काळ्या डब्यातच राहू द्या. एखाद्या रविवारी सासूबाईंकडून हे एकदा करून घ्या, तुम्ही नुसतं बघत उभ्या राहा. जिथे त्या अडतील तिथे कागदावरचं वाक्य बदला. माझ्या वडिलांनी तिसऱ्या खेपेला न विचारता केलं, कारण दोनदा माझंच लिहिणं चुकीचं होतं.

डब्याची ऑर्डर देण्याआधी केबलवाल्याला एक फोन करा. पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं, नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून मागा, काही व्हीलॅन क्रमांक लागतो का विचारा, आणि तुमचं खातं राउटरच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं आहे का, हे नक्की विचारा. गल्लीतले केबलवाले असं बरेचदा बांधतात, आणि मग नवा डबा कितीही चांगला असला तरी नेट सुरू होत नाही. बांधलं असेल तर पांढऱ्या राउटरचा मॅक पत्ता ओपीएनसेन्सच्या वॅन पोर्टवर लिहून टाका, दोन्ही डब्यांवर नेट चालेल. ओएनटी (फायबरची वायर येते तो डबा) असेल तर तो ब्रिज मोडवर, म्हणजे नुसतं नेट पुढे पाठवण्यापुरता, टाकून द्याल का, असंही विचारा. नाही म्हणाले तरी अडत नाही, डबा त्यांच्या मागे बसवता येतो, फक्त मग वरच्या कागदावरची दुसरी सूचना बदलावी लागेल.